तीन बॉयलर आणि नव्वदचा भार

एका मोठ्या इमारतीच्या तळघरात गॅसवर चालणारे तीन सारखे बॉयलर आहेत, असं समजा. प्रत्येकाची ताकद १०० किलोवॅट. आज इमारतीला उष्णता हवी आहे फक्त ९० किलोवॅट. आता एकच बॉयलर नव्वद टक्क्यांवर चालवायचा, की तिन्ही पेटवून प्रत्येकाला तीस-तीस टक्क्यांवर ठेवायचं?

आपलं व्यवहारी मन लगेच सांगतं, एक पेटवा आणि दोन बंद ठेवा. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या उसना राईस मिलमध्ये हे उत्तर अगदी बरोबर ठरेल. पण त्या तळघरातले बॉयलर जर आजच्या कंडेन्सिंग जातीचे असतील, तर तेच उत्तर चूक ठरेल. तिथे तिन्ही पेटवले तर गॅस कमी लागतो! पाणी तेच, आग तीच, निसर्गाचे नियमही तेच, आणि तरी उत्तर उलटं. हे कसं होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यात आगीच्या पोटातल्या काही अद्भुत गोष्टी दडलेल्या आहेत.

सुरुवात भंडाऱ्यापासूनच करू. या जिल्ह्यात घर गरम ठेवायला बॉयलर लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. इथे वाफ लागते ती तांदळाला. वैनगंगेच्या खोऱ्यातलं धान, मग ते तुमसरकडचं असो की पवनी-लाखांदूरकडचं, मिलमध्ये दोन वाटांनी जातं. एक वाट अरव्याची, म्हणजे धान तसंच भरडायचं. दुसरी उसन्याची, कोकणात याच तांदळाला उकडा म्हणतात. उसना करताना धान आधी ६५ ते ७० अंशांच्या गरम पाण्यात काही तास भिजतं. दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास गेला की पाणी काढून टाकीत वाफ सोडतात. दाण्यातला स्टार्च फुगतो, आतल्या भेगा सांधल्या जातात. मग ड्रायरमध्ये गरम हवेने तो ओलावा १४ टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि त्यानंतर भरडाई. सांधलेला दाणा भरडताना कमी तुटतो, म्हणून कणी कमी पडते. शिवाय सालीजवळचं ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं आणि पॉलिशमध्ये सगळंच्या सगळं निघून जात नाही. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, हे ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरने जावामध्ये पाहिलं होतं. त्या धाग्यावरून पुढे बेरीबेरी या रोगाचं कारण, म्हणजे याच जीवनसत्त्वाची उणीव, उलगडलं आणि १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता या कामाला वाफच का? एक किलो पाणी शून्य अंशावरून शंभर अंशांवर न्यायला १०० किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात, आणि एवढं ओतूनही थर्मामीटर शंभराच्या पुढे सरकत नाही! ही सगळी उष्णता वाफेत गुपचूप बसलेली असते. वाफ दाण्याला भिडली, तिचं पाणी झालं, की त्या क्षणी ती ५४० किलोकॅलरी दाण्याच्या हवाली होते. उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा वाफेने भाजणं जास्त घातक असतं ते याचसाठी.

आणि ही वाफ करायला लागणारं इंधन धानाने स्वतःच आणलेलं असतं. शंभर किलो धानामागे वीस किलोच्या आसपास तूस निघतं. एका किलो तुसात तीन हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. बॉयलर बरा असेल तर किलोभर तुसातून साधारण तीन किलो वाफ मिळते. तूस जळून गेलं की पाचव्या हिश्श्याच्या आसपास राख उरते. ही राख चिमटीत धरून चोळली तर कचकचते, कारण ती बहुतेक सगळी सिलिका असते. म्हणजे जे द्रव्य वाळूत असतं तेच. रोपाने चिखलातल्या पाण्यातून ते विरघळलेल्या रूपात ओढून घेतलं आणि आपल्या दाण्याभोवती त्याचं चिलखत उभारलं. हे चिलखतच बॉयलरच्या नळ्या आतून घासत राहतं.

तूस घरचंच असलं तरी फुकट नाही. जे जळलं नाही ते विकता येतं. त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक किलो वाफ मिलमालकाच्या खिशातून जाते. आणि वाफ वाया जाण्याची एक मोठी जागा म्हणजे अर्धवट भारावर चालणारा बॉयलर.

याचं गणित सोपं आहे. समजा, पूर्ण भारावर चालणारा एक बॉयलर आपल्या अंगातून, म्हणजे पत्र्यातून, दारांतून आणि पाइपांतून, इंधनातल्या उष्णतेपैकी २ टक्के उष्णता बाहेर टाकतो. आता मिलची मागणी पाववर आली. आग पाववर आली, तूस पाववर आलं. पण बॉयलरमधला दाब तोच ठेवायचा आहे. दहा किलो दाबावर आतलं पाणी आणि वाफ सुमारे १८३ अंशांवर असतात, भार कितीही असो. म्हणजे अंग तेवढंच तापलेलं, गळतीही तेवढीच. इंधन मात्र चौथाई. म्हणून २ टक्क्यांची गळती आता ८ टक्के झाली. असे दोन बॉयलर पाव-पाव भारावर ठेवले, तर एकाच्या ऐवजी दोन तापलेल्या अंगांचं देणं भरावं लागतं.

दुसरा चोर हवेच्या रूपाने येतो. जळायला हवा लागते, पण हवेतला चार पंचमांश नायट्रोजन काही जळत नाही. तो थंड आत येतो, तापतो आणि चिमणीतून उष्णता घेऊन निघून जातो. आग मोठी असते तेव्हा हवेचे झोत जोरात असतात, तूस आणि हवा नीट मिसळतात. आग मंद केली की झोत मरगळतात, मिसळण बिघडतं, आणि धूर होऊ नये म्हणून गरजेपेक्षा बरीच जास्त हवा सोडावी लागते. जितकी जादा हवा, तितकी जास्त उष्णता आभाळाला.

केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने ऊर्जा लेखापरीक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकात या दोन्ही गोष्टींचा निष्कर्ष सांगितला आहे. अशा बॉयलरची कार्यक्षमता पूर्ण भारावर सर्वात जास्त नसते. ती साधारण दोन-तृतीयांश भारावर असते. निम्म्याच्या खाली जादा हवा लागू लागते, आणि पावच्या खाली कार्यक्षमता बरीच घसरते, म्हणून तिथे बॉयलर चालवणं शक्यतो टाळावं. म्हणून पुष्कळ बॉयलर थोडे-थोडे चालवण्यापेक्षा थोडे बॉयलर चांगल्या भारावर चालवा. मिलमधलं व्यवहारी उत्तर ते हेच.

पण मिलमध्ये भार एका जागी थांबत नाही. ड्रायरला वाफ तासन्‌तास सारखी लागते. भिजवणीचं पाणी तापवताना ती मध्यम लागते. टाकीत वाफ सोडायची वेळ आली की थोड्या मिनिटांसाठी मागणी एकदम उसळते. आणि अशा वेळी बॉयलरच्या गेज ग्लासमध्ये, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, जे दिसतं त्याने नवखा माणूस चक्रावून जातो. व्हॉल्व्ह उघडला, वाफ भसाभस बाहेर निघाली, म्हणजे बॉयलरमधलं पाणी कमी होतंय. तरी काचेतली पातळी वर चढते!

कारण असं. दहा किलो दाबाखाली १८३ अंशांवर असलेलं पाणी त्या दाबामुळे मर्यादेत उकळत असतं. वाफ एकदम ओढली की दाब पडतो. दाब पडला की उकळण्याचं तापमानही खाली येतं, आणि टनावारी पाणी एकाच क्षणी आतल्या आत उकळू लागतं. तळापासून लाखो बुडबुडे उठतात आणि पाणी फुगतं. इंजिनिअर याला स्वेल म्हणतात. पातळी बघून पाणी सोडणारं साधं यंत्र इथे फसतं. पाणी जास्त झालं असं समजून ते पंप मंद करतं. थोड्या वेळाने बुडबुडे विरतात आणि पातळी धाडकन खाली येते, नेमकी तेव्हा जेव्हा पाण्याची खरी गरज असते. फुगलेलं पाणी वाफेच्या पाइपात शिरलं तर ते वेगळंच संकट. म्हणून मोठ्या बॉयलरवर नुसती पातळी मोजून भागत नाही. बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी हेही मोजतात, आणि तिन्ही आकडे मिळून पंपाला हुकूम देतात. जिथे एवढी यंत्रणा नाही तिथे हे सगळं बॉयलर अटेंडंटच्या डोक्यात असतं. काच चढली म्हणून तो पंप बंद करत नाही.

याच जागी कार्यक्षमतेचा सगळ्यात स्वस्त उपायही सापडतो. समजा, चार टाक्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं वाफ द्यायची आहे. चारही व्हॉल्व्ह एकदम उघडले, तर पाव तास चौपट वाफ लागेल आणि उरलेला पाऊण तास काहीच नाही. त्या पाव तासासाठी दुसरा बॉयलर पेटवून ठेवावा लागेल. हेच चार व्हॉल्व्ह एकामागून एक उघडले, तर तासभर एका टाकीएवढीच वाफ लागेल. चारही टाक्यांचं मिळून लागणारं तूस जवळपास तेवढंच, तांदूळ तोच, पण दुसऱ्या बॉयलरची गरज उरत नाही.

तरीही भर हंगामात दोन बॉयलर एकत्र चालवायची वेळ येते. दोघांची वाफ एका जाड नळात, हेडरमध्ये, येते आणि तिथून मिलमध्ये वाटली जाते. इथे आणखी एक चमत्कारिक प्रकार घडतो. दोन्ही बॉयलरवर दाब सांभाळणारा आपापला कंट्रोलर आहे आणि दोन्हींना हुकूम एकच, दाब दहा किलो ठेवा. पण दोन गेज कधीच तंतोतंत सारखे नसतात. हेडरमधला दाब एकच असताना एक म्हणतो ९.९, दुसरा म्हणतो १०.१. पहिल्याला वाटतं दाब कमी आहे, तो आग वाढवतो. दुसऱ्याला वाटतं दाब जास्त आहे, तो आग कमी करतो. चूक पूर्ण मिटेपर्यंत दोघेही आपापला हट्ट सोडत नाहीत, कारण तसं करण्यासाठीच ते बनवलेले आहेत. काही वेळाने एक बॉयलर पूर्ण भारावर धापा टाकत असतो आणि दुसरा तळाला जाऊन नुसता तूस खात बसलेला असतो. दोघांपैकी कुणीही बिघडलेलं नाही! साकोली-लाखनीकडचा शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जोडीतल्या दोन्ही बैलांचे कासरे एकाच धुरकऱ्याच्या हातात असतात म्हणूनच जोडी सरळ धावते.

बॉयलरच्या जोडीला हा धुरकरी म्हणजे मास्टर कंट्रोलर. दाब फक्त हेडरवर, एकाच ठिकाणी मोजायचा. मास्टरने एकच आकडा काढायचा, ‘आत्ता एकूण एवढी आग हवी’. मग ती आग कुणी किती द्यायची तेही त्यानेच वाटून द्यायचं. बॉयलरवरच्या कंट्रोलरने दाबाचा विचार सोडून मिळालेला हुकूम पाळायचा.

एवढ्यावरही काम संपत नाही, कारण हुकूम आणि परिणाम यांत वेळ जातो. दाब पडला, तूस वाढवलं, पण ते पेटून पाण्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर काही वेळ गेला. तोवर घाईच्या मास्टरने आणखी तूस ढकललं. मग दाब चढतच गेला, त्याने तूस तोडलं, पण शेगडीवर पडलेलं तूस जळतच राहिलं. असा दाब वरखाली हेलकावत राहतो. मिलमध्ये याला हंटिंग म्हणतात. वाफेच्या इंजिनांचा वेग सांभाळणारे गव्हर्नर असेच हेलकावे का खातात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर आहे असं सांगणारा हाच तो मॅक्सवेल. दुरुस्ती किती मोठी करता आणि तिचा परिणाम किती उशिरा दिसतो, यांच्या नात्यावर सगळं अवलंबून असतं. उशीर जितका जास्त, तितका हात हलका हवा. आजचं सगळं नियंत्रणशास्त्र या पायावर उभं आहे.

आता भंडाऱ्यातून निघून त्या तळघरात जाऊ. असे बॉयलर आता जगभरच्या थंड शहरांत असतात. लंडनला किंवा टोरोंटोला राहणारी तुमची भाची ज्या इमारतीत काम करते, तिच्या तळघरातही असू शकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून घरात नवा गॅस बॉयलर बसवायचा तर, काही अपवाद सोडून, तो कंडेन्सिंगच असावा असा नियम आहे.

कंडेन्सिंग म्हणजे काय, हे पाहायला दूर जायला नको. एका पातेल्यात थंडगार पाणी घ्या, बाहेरून पुसून कोरडं करा आणि गॅसच्या शेगडीवर ठेवा. पहिल्या मिनिटभरात पातेल्याच्या बाहेरच्या अंगावर दव जमतं. हे पाणी पातेल्यातून गळलेलं नाही. ते निळ्या ज्योतीतून आलेलं आहे. गॅसमध्ये हायड्रोजन असतो. जळताना त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होतं. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो, आणि एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी जन्माला येतं. आग पाणी बनवते, आणि तेही स्वतःच्या दुपटीहून जास्त!

एरवी हे पाणी वाफेच्या रूपात चिमणीतून निघून जातं. जाताना प्रत्येक किलोमागे पाचशेवर किलोकॅलरी घेऊन जातं, तीच वाफेतली गुप्त उष्णता. नैसर्गिक वायूच्या धुरातली ही वाफ साधारण ५५ अंशांच्या खाली दव होऊन पडू लागते. म्हणून बॉयलरमध्ये परत येणारं पाणी त्याहून थंड असेल आणि धूर त्या पाण्याच्या नळ्यांना घासून जाईल, तर चिमणीची ही चोरी परत मिळते. जुन्या लोखंडी बॉयलरला असं दव विषासारखं, कारण ते आम्लधर्मी असतं आणि लोखंड खातं. म्हणून कंडेन्सिंग बॉयलरचं पोट स्टेनलेस स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं करतात.

याच कारणाने या बॉयलरच्या जाहिरातीत १०७ टक्के कार्यक्षमता लिहिलेली दिसते. ऊर्जेचा नियम कुणी मोडलेला नाही. युरोपात परंपरेने इंधनाची उष्णता मोजताना धुरातल्या वाफेची गुप्त उष्णता धरत नाहीत. मिथेनच्या बाबतीत हा न धरलेला वाटा सुमारे ११ टक्के असतो. त्यातला काही भाग बॉयलरने परत मिळवला की मोजमाप शंभराच्या वर जातं.

आता तिन्ही बॉयलर का पेटवायचे ते उलगडतं. ९० किलोवॅटची आग एकाच पोटात पेटवली तर धूर भरपूर आणि वेगाने जाणारा. त्याला नळ्यांशी थांबायला वेळ नाही. तीच आग तीन पोटांत तीस-तीस करून वाटली तर तेवढ्याच धुराला तिप्पट पृष्ठभाग मिळतो. धूर रेंगाळतो, परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाच्या जवळपास येऊन थंड होतो आणि आपली वाफ दवाच्या रूपाने सोडून जातो. आणि मिलमधले दोन्ही चोर इथे गायब असतात. आतलं पाणी १८३ अंशांवर नसून पन्नास-साठवर असतं, म्हणून अंगाची गळती नगण्य. गॅस आणि हवा बर्नरमध्ये शिरण्याआधीच एका पंख्याने प्रमाणात मिसळलेली असतात, म्हणून आग मंद केली तरी जादा हवा फारशी वाढत नाही. कमी आगीचा तोटा संपला आणि फायदा तेवढा उरला. म्हणून उत्तर उलटं झालं.

पण एक अट विसरून चालणार नाही. परत येणारं पाणी ७० अंशांवर असेल तर दव पडणारच नाही आणि हा सगळा खटाटोप जवळजवळ वाया जाईल. म्हणून चांगला मास्टर कंट्रोलर बाहेरच्या हवेचं तापमानही पाहतो. बाहेर थंडी कमी असेल तर तो पाणी कमी तापवून पाठवतो. परत येणारं पाणी आणखी थंड येतं आणि दव आणखी पडतं.

मंद आगीलाही तळ असतो. समजा, १०० किलोवॅटचा बॉयलर २० च्या खाली मंद होऊ शकत नाही. त्याहून कमी हवं असेल तर विझायचं आणि पुन्हा पेटायचं, एवढंच तो करू शकतो. प्रत्येक वेळी पेटण्याआधी पोटात साचलेला गॅस बाहेर काढण्यासाठी पंखा थंड हवा फिरवतो. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे, पण ती हवा तापलेल्या नळ्यांची उष्णता घेऊन चिमणीतून जाते. तासात दहा वेळा पेटणारा बॉयलर दहा वेळा ही किंमत मोजतो, आणि त्याचं आयुष्यही झिजतं.

म्हणून दुसरा बॉयलर कधी पेटवायचा याचा नियम बारकाईने ठरवावा लागतो. पहिला ४० वर आला की दुसरा पेटवला, तर दोघांच्या वाट्याला २०-२० येतील, म्हणजे अगदी तळ. मागणी किंचित घटली की एकाला विझावं लागेल, किंचित वाढली की पुन्हा पेटावं लागेल. त्याऐवजी पहिला ५० वर पोचेपर्यंत थांबायचं. मग दोघे २५-२५ वर येतात. आणि एकूण मागणी ४० च्या खाली गेली तरच एकाला विझवायचं. पेटण्याचा आकडा ५० आणि विझण्याचा ४०. मधल्या दहाच्या पट्ट्यात मागणी कितीही नाचली तरी कुणी हलत नाही. तिसऱ्यासाठीही तसंच: एकूण ८० झाले की पेटवा, तिघे २७ च्या जवळ येतील, ६० च्या खाली गेले की एकाला विझवा. वर थोडा धीर हवा. मागणी त्या आकड्यावर काही मिनिटं टिकली तरच निर्णय घ्यायचा. आपल्या कोड्यातले ९० म्हणजे तिघांचं काम, हे या हिशेबातूनही निघतं.

विझलेल्या बॉयलरचा पाण्याचा मार्गही बंद करावा लागतो. नाहीतर इमारतीचं गरम पाणी त्याच्या पोटातून फिरत राहतं आणि तो चिमणीतून उष्णता सोडत बसतो. आणि पहिला मान रोज एकालाच मिळाला तर तोच झिजतो. म्हणून किती तास कोण चालला याची नोंद ठेवून मास्टर पाळी बदलतो.

एकाच जागी वेगवेगळ्या जातीचे बॉयलर असतील, तर कामाची वाटणी स्वभाव बघून करतात. तुसाची आग संथ असते. तिला सारखा भार द्यायचा. गॅसची किंवा तेलाची आग हुकूम होताच बदलते. चढउतार तिच्या वाट्याला द्यायचे. शिर्डीत साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात तर २००९ पासून या वाटणीत सूर्यही आहे. छतावरच्या ७३ तबकड्या सूर्यकिरण एकवटून वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचं जेवण शिजतं. सूर्याचा व्हॉल्व्ह कुणाच्याच हातात नाही, म्हणून तो देईल तेवढं आधी घ्यायचं आणि उणं पडेल ते इंधनाने भरायचं.

चढउतार पचवण्याची आणखी एक सुंदर युक्ती स्वीडनच्या योहानेस रूथ्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली. फावल्या वेळातली वाफ पाण्याने भरलेल्या बंद टाकीत सोडायची. पाणी दाबाखाली तापून राहतं. मागणी उसळली की टाकीचा दाब थोडा पडू द्यायचा, आणि तेच पाणी आपोआप उकळून वाफ देतं. मिलच्या गेज ग्लासमध्ये जो स्वेल त्रास देतो, तोच इथे कामाला लावला आहे. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग वीजकेंद्रात १९२९ मध्ये अशा १६ टाक्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या वाफेवर संध्याकाळच्या मागणीच्या वेळी जनित्रं फिरत.

एवढी बुद्धिमान यंत्रणा बसवली तरी बॉयलरपाशी जाणता माणूस लागतोच. कोलकात्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसं दगावली आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. देशभरासाठीचा १९२३ चा कायदा तब्बल शतकभर चालला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तपासणी, प्रमाणपत्र आणि लायक अटेंडंट या गोष्टी नव्या कायद्यातही सुटलेल्या नाहीत.

तुमची मिल असो, इस्पितळ असो, हॉटेल असो की वसतिगृह, नवा बॉयलर किंवा महागडा कंट्रोलर घेण्याआधी एक काम करा. भर कामाच्या एका दिवशी दर अर्ध्या तासाला किती वाफ किंवा किती गरम पाणी लागलं ते वहीत लिहा, कोणता बॉयलर किती वेळा पेटला-विझला तेही लिहा. बहुतेक वेळा त्या पानावरच दिसेल की बॉयलर पुरेसे आहेत, कमी आहे ती त्यांच्यातली वाटणी. ती सुधारायला वही-पेन आणि एका दिवसाचं लक्ष पुरतं. विक्रेत्याला फोन त्यानंतर करा.